खिडकी बंद, वसुली चालू

कर घेण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार आणि तो कर कोणत्या दाराने आणून द्यावा हे नागरिकावर लादण्याचा अधिकार, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याविषयी येथे वाद नाही. शाळा, दवाखाने, रस्ते आणि दुष्काळी कामे करावयाची तर कर हवेत. १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसाय कर बसविण्यात आला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी, आणि शहरातील मिळवत्याने खेड्यातील बेकाराचा भार उचलावा हे त्यामागील तत्त्व आजही समर्थनीय आहे. तेव्हा पुढे मांडलेले गाऱ्हाणे करचुकव्याचे नव्हे. ज्याच्याजवळ पैसे आहेत, ते भरण्याची ज्याची इच्छा आहे, जो मुदतीच्या आत खिडकीशी उभा आहे आणि हातात धनादेश आहे एवढ्याच कारणाने ज्याला परत फिरावे लागते, अशा नागरिकाचे ते आहे.

हा नागरिक कोठे राहतो? धरणगावसारख्या गावी राहतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील, कापसाच्या व्यापाराने वाढलेले हे जळगाव जिल्ह्यातील जुने गाव. आज तालुक्याचे ठिकाण. समजा, तेथील एका निवृत्त शिक्षिकेच्या नावे दोन खोल्यांचे घर आहे. निवृत्तिवेतन बँकेत जमा होते. मुलगा सुरतेस नोकरीला. घरात साधा, बटणांचा दूरध्वनी. घरपट्टी-पाणीपट्टीचे मागणी बिल आले की बाई धनादेश लिहितात, त्याच्या स्थळप्रतीवर तारीख व रक्कम टिपून ठेवतात, पावती आली की ती मागच्या वर्षीच्या पावतीला टाचणीने जोडतात. तीस-पस्तीस वर्षांच्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात आहेत. घराचा वाद उद्या न्यायालयात गेलाच तर त्यांच्याजवळ दाखवावयास जे काही आहे ते त्या डब्यात आहे.

आता अशा बाई राज्यातील कोणत्याही लहान शहराच्या पालिकेत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेल्या तर त्यांच्या कानी काय पडते ते कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. धनादेश वटण्यास वेळ लागतो, वसुलीचे आकडे एकतीस तारखेच्या आत बसवावयाचे असतात, म्हणून तो घेतला जात नाही. घेतलाच तर पावतीवर ‘धनादेश वटल्यास ग्राह्य’ असा शिक्का बसतो. आणि मग लेखनिक, बहुधा अगदी सद्भावनेने, म्हणतो, “बाई, चेक कशाला? मुलाला सांगा, मोबाइलवरून भरील.” त्या लेखनिकावर रागावण्यात अर्थ नाही. त्याच्या मागच्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत आणि त्या भरावयाच्या नाहीत हे वरून ठरले आहे. प्रश्न त्याच्या वागणुकीचा नाही. ज्या धोरणाने त्याला तसे बोलावयास लावले त्याचा आहे.

धोरणाची दुसरी बाजू पाहिली की त्यातील अन्याय उघडा पडतो. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याखाली मुदतीत न भरलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती बसते. वर्षाला २४ टक्के! ठेवीदाराला बँक जे व्याज देते त्याच्या तिपटीहून हा दर अधिक. जुन्या सावकाराच्या वहीत शोभावा असा. जनतेवर तो इतका चढला की २०२५ साली राज्य सरकारला शास्ती माफ करणारी अभय योजना आणण्यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागली. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षे कर थकविला त्याला अभय. आणि जो धनादेश घेऊन खिडकीशी आला होता, परत पाठविला गेला आणि एप्रिलमध्ये पुन्हा आला, त्याला शास्ती. शिवाय हे सर्व चालू असताना राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. मुदती संपून गेल्यावर वर्षानुवर्षे प्रशासकांनी कारभार केला आणि निवडणुका झाल्या त्या २०२५ च्या डिसेंबरात. कर घेणारा जागेवर होता. जाब देणारा नव्हता.

आयकराची कथा याहून सुधारलेली नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न प्रत्यक्षात करमुक्त झाल्यापासून लहान गावात आयकर भरणारे थोडे उरले, हे खरे. परंतु जे उरले, किंवा मागील वर्षाच्या बाकीची नोटीस ज्यांना येते, त्यांनी धनादेशाने भरणा करावयाचा म्हटले तर काय होते? पूर्वी बँकेत कागदी चलन मिळत असे; ते हाताने भरून धनादेशासह खिडकीत सरकविले की शिक्का मारलेली प्रत हातात पडे. आता खिडकीवर धनादेश द्यावयाचा असला तरी चलन आधी संगणकावर तयार करावे लागते. ते तयार करण्यासाठी मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक लागतो. कोणत्या बँकेत भरणार हे तेथेच निवडावे लागते. निघालेले चलन पंधरा दिवसांत निरुपयोगी होते. ते छापून घ्यावे लागते. एवढे सोपस्कार झाल्यावर अधिकृत बँकेच्या खिडकीवर जाण्याची मुभा. या अधिकृत बँकांत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका नाहीत, पतसंस्थांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे खानदेशातील शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्या ज्या संस्थांशी व्यवहार, त्या येथे बाद. रोखीने भरू म्हटले तर खिडकीवरची मर्यादा १० हजार रुपयांची. धनादेशावर बंदी आहे असे कोणीही म्हणत नाही. नोकरशाहीला बंदी घालण्याची गरज क्वचितच पडते. ती वाटेवर काटे पसरते आणि मग त्या वाटेने कोणी जात नाही असा अहवाल लिहिते.

धनादेशाने भरलेला कर कोणत्या दिवशी भरला असे समजावयाचे? प्रश्न तांत्रिक दिसतो. पण शास्ती, व्याज आणि जप्तीची नोटीस त्याच्यावरच अवलंबून असतात. या प्रश्नावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल वारंवार आधाराला घेतला जातो तो एका मराठी कारखान्याच्या खटल्यातला आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना, प्रभाकर कंदिलांमुळे घरोघरी पोचलेला, त्या वेळी औंध संस्थानाच्या हद्दीत होता. त्याने भारत सरकारला कंदील पुरविले आणि सरकारने दिल्लीहून टपालाने धनादेश पाठविले. कारखान्याचे म्हणणे असे की पैसे औंध संस्थानात मिळाले, म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचा आयकर लागू नाही. आयकर खात्याचे म्हणणे नेमके उलट. धनादेश देण्याची विनंती कारखान्याचीच होती, म्हणून तो दिल्लीच्या टपालात पडला तेव्हाच कारखान्याला मिळाला! १९५४ साली न्यायालयाने खात्याचे म्हणणे मान्य केले आणि तत्त्व घालून दिले की धनादेश पुढे वटला तर तो ज्या दिवशी हाती दिला त्याच दिवशी पैसे पोचले असे समजावे.

सरकारला कर घ्यावयाचा होता तेव्हा धनादेश म्हणजे रोख पैसा ठरला. मग नागरिकाने सरकारला दिलेला धनादेशही तसाच मानावा, हे ओघाने आले. काही काळ तसे मानलेही गेले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ८ ऑगस्ट १९७९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले होते की बँकेने स्वीकारलेला धनादेश वटला, तर तो बँकेच्या हाती दिल्याची तारीख हीच कर भरल्याची तारीख. चार वर्षांनी, १९८३ साली, केंद्र सरकारच्या जमा-खर्चाचे नवे नियम झाले आणि त्यांत बँकेत दिलेल्या धनादेशाची तारीख ठरली ती तो वटून जमेच्या यादीत चढल्याची. म्हणजे बँकेच्या टेबलावर धनादेश जितके दिवस पडून राहील तितक्या दिवसांचा भार नागरिकावर. त्यानंतर या प्रश्नावर किती करदात्यांना न्यायाधिकरणांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, ते कज्ज्यांचे खंड चाळणाऱ्याला सापडेल. महावितरण हे कर खाते नव्हे, परंतु वसुलीची वृत्ती तीच. तेथेही धनादेश वटण्याचा दिवस हाच बिल भरल्याचा दिवस. न वटल्यास दंड आणि त्यावर वस्तू व सेवा कर मिळून ८८५ रुपये. आणि ऑगस्ट २०२३ पासून रोख भरण्याची मर्यादा ५ हजार. घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे ठेवणारा वाणी गावात फार दिवस दुकान चालवू शकत नाही. सरकारला मात्र ही अडचण नाही.

धनादेशाविरुद्ध पहिला युक्तिवाद असा की तो वेळखाऊ आहे. होता, हे मान्य. धरणगावच्या धनादेशाने मुंबईस जाऊन यावयाचे म्हणजे आठवडे लागत. परंतु आज धनादेश स्वतः प्रवास करीत नाही. त्याची प्रतिमा जाते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने अशी पद्धत सुरू केली की दिवसा दिलेला धनादेश त्याच दिवशी निकालात निघावा. मौज पाहण्यासारखी आहे. धनादेश मंद होता तेव्हा त्याला खिडकीवर मान होता. तो चपळ झाला तेव्हा त्याला दार दाखविण्यात येत आहे. तेव्हा वेळेचे कारण हे कारण नव्हे.

दुसरा युक्तिवाद, खोट्या धनादेशांचा. त्यासाठी १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात १९८८ साली कलम १३८ घातले गेले आणि न वटलेला धनादेश हा तुरुंगवासाचा गुन्हा झाला. खासगी सावकार आणि वित्तसंस्था या कलमाचा आधार घेऊन देशभर लाखो खटले चालवितात. ज्या राज्यसंस्थेच्या हाती याहूनही मोठी हत्यारे आहेत, जिला घर जप्त करता येते, नळ तोडता येतो, तिने एका निवृत्त शिक्षिकेच्या सहीला भ्यावे हे पटण्यासारखे नाही. तिसरा युक्तिवाद भ्रष्टाचाराचा: संगणकीय भरण्यात मधल्या माणसाचा हात लागत नाही. रोखीविषयी हे म्हणणे योग्य आहे. वसुली लेखनिकाने पावती-पुस्तक आणि रोकड घरी नेल्याची प्रकरणे पालिकांच्या इतिहासात आहेतच. पण पालिकेच्या नावे काढलेला रेखांकित धनादेश घरी नेऊन कोणी काय करणार? अफरातफरीला पायबंद बसावा म्हणूनच तर सार्वजनिक संस्थांनी रोखीऐवजी धनादेशाचा आग्रह धरला होता.

मोबाइलवरून भरणाऱ्यांनी तसे खुशाल भरावे. त्यात सोय आहे, यूपीआयवर शुल्क नाही, आणि तरुण नोकरदाराला तासभर रांगेत उभे करण्यात कोणतेही पुण्य नाही. सोय नाकारण्याचा हा प्रश्नच नाही. सोयीचे सक्तीत रूपांतर झाले की तिचा खर्च कोणाच्या डोक्यावर पडतो, हा प्रश्न आहे. आणि खानदेशाने या प्रश्नाचे उत्तर एकदा दिलेले आहे.

इंग्रजी अमलात सारा रोखीने आणि ठराविक हप्त्याने मागितला जाऊ लागला. पीक हाती येवो न येवो, भाव असो नसो, हप्त्याची तारीख ठरलेली. शेतकऱ्याजवळ धान्य होते, कापूस होता. सरकारला हवा होता रुपया. त्या दोघांच्या मध्ये जी फट पडली तीत सावकार येऊन बसला. १८५२ साली नव्या जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील शेतकरी उठले तेव्हा तो उठाव लष्करी बळाने मोडण्यात आला. धरणगाव त्या काळी एरंडोलच्याच मुलखात, आणि औट्रमने १८२५ मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीचे मुख्य ठाणे तेथेच होते. पुढे १८७५ मध्ये पुणे-नगरकडे दंगे झाले आणि चौकशी आयोग बसला, तेव्हा सारावसुलीची ताठर पद्धत हे शेतकरी सावकाराच्या दारी जाण्याचे एक कारण म्हणून नोंदले गेले. सरकार कर किती घेते एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या रूपात मागते हेही पाहावे लागते, कारण त्या रूपाच्या आडून मध्यस्थ जन्मास येतो.

आजचा मध्यस्थ गादीवर बसत नाही, संगणकासमोर बसतो. ज्या बाईंच्या घरी साधा दूरध्वनी आहे त्यांनी कर भरावयाचा म्हणजे कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात जावयाचे. तेथील मुलगा भला असेल. बहुतेक भलेच असतात, आणि स्वतःच बेकारीतून वाट काढीत असतात. पण त्याच्या हाती काय द्यावे लागते? खात्याचा क्रमांक, कार्ड, आणि बँकेने पाठविलेला गुप्त अंक. तो अंक कोणासही सांगू नका असे रिझर्व्ह बँक आकाशवाणीवरून, वर्तमानपत्रांतून रात्रंदिन बजावीत असते. एका सरकारी यंत्रणेने सांगावे की अंक देऊ नका, आणि दुसऱ्या यंत्रणेने अशी व्यवस्था करावी की तो दिल्यावाचून कर भरताच येऊ नये! फसवणूक झाली तर दोष बाईंचा, कारण त्यांनी सूचना पाळली नाही. वर केंद्राचे शुल्क आहे. क्रेडिट कार्डाने भरले तर त्याचे शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के कर. पूर्वी वसुलीचा खर्च वसूल करणारा सोशीत असे. लेखनिकाचा पगार, पावतीचा कागद आणि खिडकीवरचा दिवा हे त्याच करातून भागत. आता तो खर्च किरकोळीने करदात्याच्या खिशातून निघतो आणि अर्थसंकल्पात बचत म्हणून मिरविला जातो.

आणि चूक झाली तर? वर्ष चुकीचे निवडले गेले, शेजाऱ्याच्या मालमत्तेचा क्रमांक पडला, रक्कम खात्यातून गेली पण पालिकेच्या नोंदीत चढली नाही, तर दाद कोणाकडे मागावी? सेवा केंद्र म्हणते बँकेत जा, बँक म्हणते पालिकेत जा, पालिका म्हणते की संगणकात दिसत नाही. धनादेशाच्या व्यवहारात तसे नव्हते. स्वतःच्या हस्ताक्षरातील तारीख, पासबुकातील नोंद, पावती, अशी तीन साक्षींची गाठ नागरिकाच्या घरी राही, आणि ती सोडविण्यासाठी त्याला कोणाच्या यंत्राची परवानगी लागत नसे.

मुळात हा धनादेश सामान्य माणसाच्या हाती आला कसा? १९६९ च्या १९ जुलै रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरून बँकांचा विस्तार करण्याची दिशा दाखविली, आणि त्यानंतर तालुक्या-तालुक्यांत बँकेची पाटी लागली. प्राथमिक शिक्षक, एस. टी.चा वाहक, दूध संघाचा सभासद यांच्या नावाचे धनादेश पुस्तक हे त्या लढ्याचे फळ होते. २०१९ व २०२० च्या विलीनीकरणांत देना, सिंडिकेट, अलाहाबाद ही नावे पुसली गेली. जुनी धनादेश पुस्तके बाद झाली. बँका माणसाजवळ नेण्याचे जे काम सुरू झाले होते ते उलट दिशेने चालू आहे, आणि कराची खिडकी बंद होणे हा त्याचाच एक तुकडा आहे.

यंत्रणेला हे जमत नाही असे कोणी सांगू नये. २०१६ च्या ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि त्याच नोटांनी पालिकांचे कर भरण्यास मुभा मिळाली, ती पुढे २४ नोव्हेंबरपर्यंत चालली. तेव्हा याच पालिकांच्या खिडक्या सुटीच्या दिवशी उघडल्या, रात्री उशिरापर्यंत दिवे जळत होते, रद्द झालेला कागद मोजून घ्यावयास माणसे मिळाली आणि थकबाकीचे ढीग वसूल झाले. त्याच महिन्यात, १४ तारखेपासून, जिल्हा मध्यवर्ती बँकांना मात्र त्या नोटा घेण्यास मनाई होती. रद्द नोट चालते आणि चालू खात्यावरचा धनादेश चालत नाही, याचा अर्थ इतकाच की खिडकी कोणासाठी उघडावयाची हे मनावर घेण्याचा प्रश्न आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. करभरणा करून घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयात वर्षाचे बाराही महिने, मार्चअखेरसुद्धा, धनादेश स्वीकारला जावा. तो वटल्यास हाती दिल्याची तारीख हीच भरण्याची तारीख, हे १९७९ च्या परिपत्रकातील तत्त्व पालिका, आयकर खाते आणि महावितरण या सर्वांना कायद्याने बंधनकारक व्हावे. आयकराचे कोरे कागदी चलन बँकेत पुन्हा मिळावे आणि मध्यवर्ती सहकारी बँकांना भरणा घेण्याचा अधिकार असावा. कर भरण्यासाठी कोणतेही शुल्क कोणीही घेऊ नये.

नव्या नगरपरिषदांत ठराव मांडता येतील. ते मांडलेच पाहिजेत. पण त्याआधी शाखांना एक काम करता येईल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक तालुक्याच्या गावी दोन कार्यकर्त्यांनी पालिकेच्या वसुली खिडकीशी बसावे. धनादेश घेऊन आलेल्या माणसाला परत पाठविले गेले तर त्याच्याकडून साध्या कागदावर अर्ज लिहून घ्यावा: अमुक तारखेस, अमुक मालमत्तेचा कर, अमुक क्रमांकाच्या धनादेशाने देऊ केला असता नाकारण्यात आला, नाकारण्याचे कारण लेखी मिळावे. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात, एक आवक-जावक टेबलावर द्यावी आणि दुसरीवर शिक्का व तारीख घेऊनच उठावे. शास्तीची नोटीस येईल तेव्हा तिच्या उत्तराला हीच प्रत जोडावयाची आहे.